पावसाळा, तबेला आणि काडतुसे

ब्रिटिश फौजांच्या हिंदुस्थानातील पितळी काडतुसांना पावसाळ्यात भेगा पडत. मोहिमा थंडावल्या की दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. कोरडे दिवस येईपर्यंत, गोळी जिथे घट्ट बसवलेली असे त्या तोंडाशी बारीक चिरा उमटलेल्या असत. ऋतूवरून या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. त्याचे कारण 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडले. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेतील तांब्यावर क्रिया करी आणि थंड पितळ ओढून घडवताना त्यात उरलेला ताण भेग वाढवी. चिरलेले काडतूस गोळीला सारखी पकड देत नाही. मग नेम कसा साधणार? उपाय साधा निघाला: घडवलेले पितळ तापवून ताण घालवणे आणि साठा अमोनियापासून दूर ठेवणे.