घरी तर बरोबर येत होतं, सर!

भिसेगाव कर्जत स्टेशनला लागूनच. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे मागून बँकर इंजिनं जोडतात, कारण पुढे बोरघाटाचा १:३७ चढ आहे. मुंबईपासून सपाटीवर गाडी कितीही मजेत पळाली असली, तरी ती आपोआप घाट चढेल असं रेल्वेत कुणी धरून चालत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र बरीच वर्षं तसंच धरून चाललो.

मीही त्यातलाच. २०१८ साली शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी पावसाची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता. माझ्या लॅपटॉपवर पायथॉन ३, कॉलेजच्या लॅबमध्ये २.७. परीक्षकांसमोर प्रोग्रॅम चालला, एकही एरर नाही. फक्त सगळ्या सरासऱ्यांचे दशांश गायब! पायथॉन २ मध्ये पूर्णांक ७ भागिले २ म्हणजे ३, पायथॉन ३ मध्ये ३.५. "घरी तर बरोबर येत होतं, सर!" एवढंच तोंडातून निघालं.

हे दुखणं जुनं आहे. पूर्वी एका मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्टांच्या लायब्रऱ्या एकाच जागी पडायच्या. एकासाठी काही अपडेट केलं की दुसरा प्रोजेक्ट बंद. २००७ मध्ये इयन बिकिंग यांनी 'व्हर्च्युअलएन्व्ह' आणलं: प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं फोल्डर, त्यात त्याचं वेगळं पायथॉन आणि त्याच्याच लायब्रऱ्या.

डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३.० आलं, तेही जाणूनबुजून जुन्याशी न जुळणारं. आता लायब्ररी लिहिणाऱ्यांना दोन्ही घरं सांभाळणं भाग होतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांच्या 'मायावी'सारख्या जुन्या लायब्रऱ्यांचीही यातून सुटका नव्हती.

२०१० मध्ये होल्गर क्रेकेल यांनी 'टॉक्स' काढलं. आपण पायथॉनच्या आवृत्त्यांची यादी द्यायची. टॉक्स प्रत्येकीसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट बनवतं, आपलं पॅकेज एखाद्या परक्या माणसासारखं त्यात इन्स्टॉल करतं आणि टेस्ट चालवतं. पॅकेजमध्ये एखादी फाइल टाकायची राहिली असेल, तर तेही इथेच उघडं पडतं. २०१२ मध्ये पायथॉन ३.३ सोबत 'व्हेन्व्ह' आलं आणि वेगळं घर पायथॉनमध्येच मिळू लागलं. १ जानेवारी २०२० ला पायथॉन २ चा आधार संपला, पण आवृत्त्या येतच राहतात.

नोकरीत टॉक्स शिकलो तेव्हा तो जुना प्रोजेक्ट काढला आणि सरासरीची एक टेस्ट लिहिली. ३.६ वर पास, २.७ वर फेल. परीक्षेच्या आदल्या रात्री हे दोन मिनिटांत कळलं असतं.

अर्थात, टॉक्स यादीतलेच घाट चढून बघतं. यादी आपल्यालाच करावी लागते.