सॉफ्टवेअर-परिभाषित साठवण : नाव आणि पूर्वपरंपरा

प्रस्तावना : संगणकशास्त्राच्या इतिहासात एखाद्या संकल्पनेचे नाव आणि तिचा आशय एकाच वेळी जन्मतात असे नाही. सॉफ्टवेअर-परिभाषित साठवण हे त्याचे ठळक उदाहरण होय. नाव नेटवर्कच्या क्षेत्रातून उसने आले. विचार मात्र साठवणीत आधीच रुजला होता.

२००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक मॅकिओन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ओपनफ्लो' मांडले. तोपर्यंत पॅकेटचा मार्ग ठरविणे आणि ते पुढे धाडणे ही दोन्ही कामे सामान्यतः एकाच स्विचमध्ये, म्हणजे पर्यायाने त्याच्या निर्मात्याच्या हाती, एकवटलेली असत. ओपनफ्लोने निर्णय बाहेरील नियंत्रक सॉफ्टवेअरकडे सोपविला. २०१२ मध्ये व्हीएमवेअरने निसिरा ही कंपनी सुमारे १.२६ अब्ज डॉलरना विकत घेतली. पुढे 'सॉफ्टवेअर-परिभाषित' हे विशेषण साठवणीच्या बाजारातही, बरेचदा सैलपणे, वापरले जाऊ लागले.

वस्तुतः २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुगल फाइल सिस्टिममध्ये हीच विभागणी दिसते. ६४ मेगाबाइटचा कोणता तुकडा कोठे आहे, एवढेच मुख्य संगणक सांगतो. माहितीची देवघेव साध्या, स्वस्त यंत्रांशी थेट होते. २००६ मध्ये सेज वाइल प्रभृतींनी मांडलेली 'सेफ' प्रणाली तर तुकड्याची जागा विचारण्याऐवजी गणिताने काढते. येथे नेटवर्कमधील केंद्रीय नियंत्रकाचे अनुकरण नाही, उलट त्याची गरजच कमी केलेली आहे.

दोन्ही परंपरांचा खरा मेळ २०१३ मधील मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या 'आयओफ्लो' या संशोधनात आढळतो. पॅकेटच्या शीर्षात त्याचा उगम व गंतव्य नोंदलेले असते. साठवणीच्या विनंतीला मात्र आभासी यंत्रापासून डिस्कपर्यंत अनेक थर ओलांडावे लागतात आणि वाटेत ती मूळ कोणाची, ही ओळखच पुसली जाते. आयओफ्लोने या थरांमध्ये नियंत्रित रांगा बसवून केंद्रीय नियंत्रकाला ती ओळख पुन्हा उपलब्ध करून दिली.

तरीही साम्य एका मर्यादेपर्यंतच आहे. पॅकेट पुढे गेले की संपते. माहिती जागेवर राहते. स्विचमधील नियम क्षणात बदलतो, परंतु १० टेराबाइट माहिती १० गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून हलविण्यास, तो वेग पूर्णपणे मिळाला तरी, सव्वादोन तास लागतात. त्यामुळे विक्रेता बदलू इच्छिणाऱ्या संस्थेला नियंत्रण मिळाले, तरी साठलेल्या माहितीचे ओझे तिच्याकडेच राहते.