उड्डाणतासांची उतरंड

१९५७ साली मार्लन ग्रीन हा कृष्णवर्णीय वैमानिक अमेरिकन हवाई दलातली नऊ वर्षांची नोकरी सोडून काँटिनेंटल एअरलाइन्सकडे नोकरी मागायला गेला. त्याच्या नावावर सुमारे तीन हजार उड्डाणतास होते. त्याच्याहून कमी तासांचे गोरे उमेदवार घेतले गेले. तो बाहेर राहिला. २२ एप्रिल १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निर्णय दिला, तरी नोकरी मिळायला १९६५ उजाडावे लागले. हवाई दलातून आलेला वैमानिक त्या काळी सर्वांत वरच्या प्रतीचा मानला जाई. म्हणजे प्रस्थापितांनी स्वतः बनवलेल्या पट्टीवर हा माणूस पुरा उतरत होता. मग पट्टीच बाजूला ठेवली गेली. पुढचा इतिहास वाचताना हे विसरता येत नाही.

१९७८ साली अमेरिकेत विमान-वाहतुकीवरचे सरकारी नियंत्रण उठले. मोठ्या कंपन्यांनी छोट्या शहरांच्या फेऱ्या प्रादेशिक कंपन्यांकडे ठेक्याने सोपवल्या. विमानावर नाव मोठ्या कंपनीचे, तिकीट तिचेच; आत बसलेला वैमानिक मात्र ठेकेदाराचा आणि त्याचा पगार कितीतरी कमी. प्रवाशाला हा फरक कळत नाही. कळू नये अशीच व्यवस्था असते. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनीही आपल्या करारात कलम घालून घेतले की, अमुक आसनांहून मोठे विमान प्रादेशिकांनी उडवू नये. स्वतःची नोकरी राखायला त्यांना ते भाग होते, हे मान्य. पण त्यामुळे एकाच युनियनमधले कामगार एकमेकांचे पहारेकरी झाले. त्यात ज्येष्ठतेचा नियम असा, की कंपनी बदलली तर वीस वर्षांचा अनुभवीही नव्या यादीत तळाशी जातो. पगार कापला म्हणून उठून जावे कुठे?

२६ मार्च २००१ रोजी डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरमधील सुमारे १३५० वैमानिक संपावर गेले. ८९ दिवस त्यांनी संप टिकवला आणि वेतनवाढ मिळवली. त्याच वर्षी प्रादेशिक वैमानिकांपैकी काही जण त्या कलमापायी आपल्याच युनियनविरुद्ध न्यायालयात गेले. २००५ मध्ये डेल्टाबरोबर कॉमएअरही दिवाळखोरीत गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये ती बंदच झाली. तिचा खर्च इतर प्रादेशिक कंपन्यांहून जास्त पडतो, असे कारण डेल्टाने दिले.

पगाराच्या ह्या भांडणाला दुसरे एक भांडण चिकटलेले आहे : तू शिकलास कुठे? हवाई दलातला वर. विमानविद्येची पदवी घेतलेला त्याच्या खाली. कर्ज काढून खाजगी शाळेत शिकलेला त्याच्याही खाली. आणि सर्वांत तळाशी, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसायला मिळावे म्हणून उलट स्वतःच पैसे भरणारा. ‘तुम्ही कुठल्या कॉलेजचे?’ हा प्रश्न ज्यांनी मुलाखतीत झेलला आहे, त्यांना ह्या उतरंडीविषयी अधिक सांगायला नको.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचे विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले. ५० माणसे गेली. विमानावर नाव काँटिनेंटलचेच होते. मे महिन्यातल्या सुनावणीत सहवैमानिकेचा वार्षिक पगार सुमारे १६ हजार डॉलर असल्याचे निघाले. कंपनीने मागाहून तो २३ हजारांच्या वर असल्याचे सांगितले. आदल्या रात्री ती देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिएटलहून, विमाने बदलत कामावर आली होती. कॅप्टन पैसे भरून शिकवणाऱ्या शाळेतला, आणि काही चाचण्यांत नापास झालेला. वेग पडत असल्याचा इशारा मिळताच विमानाचे नाक खाली करायचे असते. त्याने ते वर ओढले. त्याची चूक झाकण्याचे काही कारण नाही. पण बोट पाहता पाहता ‘असल्या शाळेतून’ आलेल्या सगळ्यांकडेच वळले.

२०१० साली कायदा झाला : सहवैमानिकालाही १५०० उड्डाणतास हवेत. त्या विमानातल्या कॅप्टनचे तास होते ३३७९ आणि सहवैमानिकेचे २२४४. ज्या अपघातातून हा नियम जन्मला, त्यातल्या दोघांपैकी एकालाही तो अडवू शकला नसता! कायद्यातून विश्रांतीचे, प्रशिक्षणाचेही नियम आले, आणि ते हवेच होते. पगाराला मात्र कुणी हात लावला नाही. २०१३ मध्ये नियम लागू झाला तेव्हा त्यात सवलती होत्या. सैन्यातून आलेल्याला ७५० तास पुरे, चार वर्षांच्या विमानविद्येच्या पदवीधराला १०००, दोन वर्षांच्या पदवीवाल्याला १२५०. पदवीचे पैसे ज्याच्या घरात नाहीत त्याने पुरे १५०० भरायचे, तेही बहुधा छोट्या विमानात दुसऱ्यांना शिकवून, तुटपुंज्या मजुरीवर. आधी बोलण्यात असलेली उतरंड आता आकड्यांनिशी नियमात आली.

त्याच २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या पीएसए ह्या उपकंपनीच्या वैमानिकांनी वेतनातल्या सवलती मान्य केल्या; नवी विमाने त्यांना मिळाली. २०१४ मध्ये दुसऱ्या उपकंपनीच्या, एन्व्हॉयच्या, वैमानिकांनी तसाच करार मतदानाने फेटाळला. नवी विमाने दुसऱ्यांकडे गेली. दोन्ही ठिकाणी युनियन एकच होती. कुणी कुणाचा घात केला, ह्यावर वैमानिकांत पुष्कळ कडवटपणा माजला. मालक मात्र दोघांचाही एकच, आणि त्याच्याविषयी त्या मानाने थोडेच बोलले गेले.

जून २०२२ मध्ये, करोनानंतर वैमानिक मिळेनासे झाले, तेव्हा त्याच एन्व्हॉयने नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलर केला. येणारी मुले त्याच शाळांतून शिकून येत होती.