मासुंद्यातली फेरी आणि श्रीस्थानकाचे पाणी

वर्तकनगरहून तलावपाळीला जायला फार वेळ लागू नये, पण लागतो. पोखरण रस्ता, कॅडबरी नाका, खोपट, आणि मग स्टेशनच्या दिशेने तुंबलेली वाहने. या सगळ्यातून बाहेर पडून मासुंद्याच्या काठावर उतरले, की अर्ध्या आयुष्यापासून ओळखीचे दृश्य समोर येते. कठड्यावर बसलेली माणसे, भेळवाले, घोडागाडीसाठी हट्ट धरलेली मुले, आणि तलावात संथपणे फिरणाऱ्या होड्या. इतकी वर्षे ठाण्यात काढूनही मी त्या होडीत कधी बसलो नव्हतो. आपल्याच गावाची प्रेक्षणीय स्थळे पाहायला आपण पाहुण्यांची वाट बघतो. परवा असेच पाहुणे आले आणि त्यांच्यासोबत मीही केशरी जाकीट चढवून होडीत बसलो.

फेरी वीसेक मिनिटांची. होडी धक्क्यावरून निघते, तलावाला वळसा घालते आणि त्याच धक्क्याला परत लागते. काठावर असताना जो कोलाहल अंगावर येतो तो मधोमध गेल्यावर थोडा दूर सरकतो. बंद पडत नाही, पण बसचा भोंगा आणि देवळातली घंटा वेगवेगळी ऐकू येतात. एका बाजूला गडकरी रंगायतन (हे १९७८ सालचे), जवळच पोर्तुगीज काळाचा वारसा सांगणारे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, आणि पूर्वेच्या काठाला कौपिनेश्वर. रस्त्याने जाताना हे देऊळ बाजाराच्या गर्दीत बुडालेले असते. पाण्यावरून पाहताना लक्षात येते की देऊळ आणि तळे एकाच विचाराने बांधलेली जोडी आहे आणि बाजार मागाहून आला आहे.

उतरताना नावाडी म्हणाला, "झाला राउंड." तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. मराठीत होडीतल्या माणसाला जुना शब्द 'उतारू' असा आहे. पार उतरणारा, पलीकडच्या काठाला लागणारा तो उतारू. आगगाडी आली तेव्हा तिच्यातल्या माणसांनाही आपण हाच शब्द लावला. मासुंद्यातल्या होडीत मात्र कोणीच उतारू नसतो, कारण पलीकडे कोणाला जायचेच नसते. ज्या गावात हे घडते ते गाव किमान आठशे-नऊशे वर्षे होडीवर जगले, हे आठवले की या फेरीकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे कठीण होते.

ठाणे साष्टी बेटावर आहे ही गोष्ट आज सांगावी लागते. पूर्वेला खाडी, उत्तरेला उल्हास नदीचे मुख, दक्षिणेला मुंबई बेटापासून तोडणारे पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध पुरा होईपर्यंत मुंबईहून ठाण्याला कोरड्या पायांनी येता येत नसे. अर्थात, वेशीवर पहिला भेटणारा माणूस नावाडीच. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. तो शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा. कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर छापून आले आणि 'श्रीस्थानक' हे नाव विद्वानांच्या नजरेस आले. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे तो खारेपाटणला मिळालेला, शिलाहार अनंतदेवाचा शके १०१६ चा ताम्रपट. त्यात राजाने भाभण आणि धणाम या दोघा बंधूंना, जे मंत्रीही होते आणि व्यापारीही, श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुल्य या बंदरांवरची जकात माफ केली आहे. (हे नागपूर अर्थातच विदर्भातले नव्हे.) जकात कशावरची, मूळ शब्दाचा अर्थ गाडा घ्यायचा की तारू, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बंदरांचीच यादी दिली आहे म्हटल्यावर मला तरी तारूच जवळचे वाटते. मंत्र्यांच्या मालाला कर माफ होण्याची रीत इतकी जुनी आहे, हे वाचून फारसे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते यादीत ठाणे पहिले असल्याचे.

शिलाहारांचा शेवटही पाण्यातच झाला. शेवटचा राजा सोमेश्वर याच्यावर देवगिरीच्या महादेव यादवाने स्वारी केली आणि तो समुद्रात बुडाला असे हेमाद्री सांगतो. ही तेराव्या शतकाच्या सातव्या दशकातली गोष्ट. बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांच्यापैकी काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे कोरली आहेत. ते याच युद्धाचे स्मारक असावे असे काही अभ्यासक मानतात. इतर काहीजण ते बरेच आधीचे ठरवतात. ते कुठल्याही लढाईचे असोत, युद्धाचे चित्र काढायचे म्हटल्यावर या भागातल्या पाथरवटाच्या हाताला जशी घोडी येत तशीच वल्ही येत, एवढे त्यातून निश्चित दिसते. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने 'ताना'च्या राज्याबद्दल लिहिले. कातडी आणि सुती कापड बाहेर जाते, आणि चाच्यांशी राजाचा करार आहे: लुटीतले घोडे राजाचे, बाकी त्यांचे. तो स्वतः इथे आला होता की नाही हा वादाचा विषय आहे. करार मात्र ऐकीव असला तरी पटण्यासारखा आहे, कारण इथे घोडे पैदा होत नसत आणि होड्यांना तोटा नव्हता.

१६७५ साली जॉन फ्रायर हा कंपनीचा इंग्रज डॉक्टर जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून निघाला. त्याने घाटाकडच्या वाटेचा पहिला टप्पा होडीनेच गाठला. ठाण्यावरून कल्याणपर्यंत खाडी, आणि तिथून पुढे जमीन. त्या कल्याणचे भग्नावशेष पाहून तो थक्क झाला होता. त्याच कल्याणला, फ्रायरच्या आधी दीड-दोन दशके, शिवाजीमहाराजांनी जहाजे बांधायला घेतली होती. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर स्वराज्याचे आरमार या खाडीच्या काठी आकाराला आले, आणि रुय लैताँव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज त्या कामावर होता. पुढे १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली ती ही खाडी ओलांडूनच.

मग १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीची गोष्ट प्रत्येक ठाणेकराला पाठ आहे: चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. मला मात्र पुढच्याच वर्षीची, १ मे १८५४ ची गोष्ट अधिक निर्णायक वाटते. त्या दिवशी खाडीवरच्या पुलावरून गाडी कल्याणला गेली. फ्रायरला ज्या वाटेने भरतीची वाट पाहत जावे लागले ती वाट आता वेळापत्रकावर आली. भरती-ओहोटीचे गणित ज्यांच्या हाडात होते त्या तांडेलांना एका पिढीत कोणी विचारीनासे झाले. मीठ, गवत, कौले, रेती अशी जड आणि स्वस्त ओझी पाण्यावर राहिली. माणसे रुळावर गेली. चेंदणी कोळीवाडा, मीठबंदर, रेतीबंदर, नागलाबंदर, घोडबंदर ही नावे तेवढी उरली. आज घोडबंदर म्हटले की वाहतूककोंडी आठवते. बंदर म्हणजे नक्की काय होते, हे त्या कोंडीत अडकलेल्यांपैकी कोणी विचारत नसेल.

येथपर्यंतची कथा अनेक शहरांची आहे. व्हेनिसची गोंडोला एकेकाळी साध्या वापराचे वाहन होती, आता ती पाहुण्यांची. पण तिथे निदान पाणी तेच राहिले, आणि मोठा कालवा ओलांडायला स्थानिक लोक अजूनही साध्या तरीतून उभ्याने जातात. ठाण्यात वेगळेच घडले. होडी खाडीतून उठली आणि तळ्यात येऊन बसली.

आणि तळे तर होडीसाठी नव्हतेच. खाडीकाठच्या गावाची अडचण अशी की पाणी दिसते सगळीकडे, पण ते खारे. विहिरीही खोल गेल्या तर मचूळ लागतात. म्हणून येऊरच्या डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी अडवायचे, साठवायचे आणि आठ महिने पुरवायचे. ठाण्यात साठ तळी होती असे परंपरेने सांगतात. हा आकडा शब्दशः घेऊ नये, पण आजही पस्तीसच्या आसपास तलाव मोजले जातात, तेव्हा तो अगदी हवेतलाही नाही. तळ्याच्या काठी देव बसवायचा, म्हणजे पाण्यावर कोणाची तरी नजर राहते. आज उभे असलेले कौपिनेश्वराचे देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये बांधविले आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याचा विस्तार झाला. स्थान मात्र शिलाहारांइतके जुने मानतात. पिण्याच्या पाण्यात कोणी सहलीला जात नाही. नौकाविहार ही राजेरजवाड्यांची किंवा देवाची चैन. गोव्यात कुंभारजुव्याला गणपतीला दोन होड्या एकत्र बांधून केलेल्या सांगोडातून मिरवतात. ती फेरी देवाची असते आणि माणसे काठावर उभी राहून पाहतात.

हे बदलले नळामुळे, आणि इथे आमच्या वर्तकनगरचा संबंध येतो. ज्या रस्त्यावर आम्ही राहतो त्याच्या नावाने राजस्थानातला अणुस्फोट आठवणारे शेजारी मला भेटले आहेत. पोखरण म्हणजे पुष्करिणी, तळे. येऊरच्या पायथ्याच्या पोखरण तलावातून एकोणिसाव्या शतकात ठाणे शहराला नळाने पाणी नेले गेले. म्हणजे आमच्या गृहनिर्माण मंडळाच्या चाळी उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी हा भाग शहराला पाणी पाजत होता, आणि गावातल्या जुन्या तळ्यांची नोकरी संपवीत होता. ज्याची गरज संपली त्याची निगा संपते. धुणी, निर्माल्य, सांडपाणी, विसर्जनाचे शाडू आणि मग प्लास्टर. काही तळी बुजली, काही आक्रसली. जी शहराच्या मध्यावर होती ती मोक्याच्या जागेमुळे वाचली. आधी कठडा आला, मग दिवे, मग कारंजे, शेवटी होडी. गणपतींसाठी कृत्रिम तलाव खणण्याची पद्धत ठाण्याने तुलनेने लवकर स्वीकारली, ही गोष्ट मात्र शहराच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

तेव्हा या होडीला हसावे असे मला वाटत नाही. तिकिटाचे पैसे येतात म्हणून पाणी स्वच्छ ठेवावे लागते, आणि पाणी स्वच्छ ठेवावे लागते म्हणून तळे बुजवता येत नाही. हे चक्र कितीही बाजारी असले तरी आज तेच मासुंद्याचे संरक्षण आहे. माझी तक्रार वेगळी आहे. तळ्यातल्या होडीने आपली पाण्याची तहान इतकी स्वस्तात भागवली, की दीड-दोन किलोमीटरवरची खाडी आपण पाहणेच सोडून दिले. ठाण्याला 'तलावांचे शहर' म्हणवून घ्यायला आवडते. 'बंदराचे शहर' असे कोणी म्हणत नाही, जरी अनंतदेवाच्या कारकुनाने तेच लिहून ठेवले आहे.

कागदावर खाडी परत आली आहे. २०१६ च्या कायद्याने देशात एकशे अकरा राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले, त्यांत कल्याण-ठाणे-मुंबई हा त्रेपन्नाव्या क्रमांकाचा. लांबी १४५ किलोमीटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासच्या मुखाशी वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये रो-रो सेवा सुरू झाली, आणि तिच्यात बसणारा माणूस निःसंशय उतारू आहे. ऐरोलीच्या बाजूने खाडीत रोहित पक्षी दाखवायला होड्या निघतात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ही फेरीही परत त्याच धक्क्याला लागते, पण निदान खाऱ्या पाण्यातून. तिथे भरतीची वेळ पाहून निघावे लागते, एवढ्यानेच ती मला अधिक खरी वाटते.

पाहुण्यांना स्टेशनवर सोडून मी पूर्वेला उतरलो आणि मीठबंदर रस्त्याने चालत गेलो. नारळी पौर्णिमेला चेंदणीचे कोळी सोन्याचा नारळ वाजतगाजत नेतात ती खाडी हीच. ओहोटी होती. चिखलात कलंडलेल्या दोन होड्या, तिवरांत अडकलेल्या पिशव्या, आणि वर पुलावरून कळव्याकडे जाणारी गच्च भरलेली लोकल. एक म्हातारे गृहस्थ जाळ्याची गाठ सोडवीत बसले होते. त्यांना विचारले, "काका, इथून कल्याणला होडीने जायला किती वेळ लागत असेल?" त्यांनी मान वर न करता विचारले, "भरती कितीची धरलीत?"