शिवणीवर उसवलेली राज्ये

माझ्या शाळेच्या नकाशासंग्रहात सोव्हिएत संघ एकाच रंगात रंगवलेला होता. त्याच्या पंधरा प्रजासत्ताकांना विभागणाऱ्या रेषा इतक्या बारीक, की परीक्षेसाठी त्या लक्षात ठेवायची गरज कधी भासली नाही. १९९१ संपताना त्याच रेषा आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या. संघराज्ये का फुटतात, याची भाषा, धर्म, अर्थकारण अशी कारणे आपण वाचत आलो आहोत. मला ती कुठे फुटतात हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा वाटतो. कारण रक्तपाताचा हिशेब बहुधा तिथे ठरतो.

सोव्हिएत संघाच्या १९७७च्या घटनेतील ७२व्या कलमाने प्रत्येक प्रजासत्ताकाला बाहेर पडण्याचा हक्क दिला होता. तो कागदावरच राहील, असे गृहीत होते. पण प्रत्येकाकडे स्वतःचे विधिमंडळ, मंत्रिमंडळ आणि ध्वज होता. १९९०च्या निवडणुकांनी त्या विधिमंडळांत जीव आला. मॉस्कोची पकड सुटली तेव्हा सत्ता झेलायला हे हात तयारच होते. मार्च १९९१च्या सार्वमतात सुमारे ७६ टक्के मते संघ टिकवण्याच्या बाजूने पडली. मात्र सहा प्रजासत्ताकांनी त्यावर बहिष्कार टाकला होता. १ डिसेंबरला युक्रेनमध्ये ९० टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याला मिळाली. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याचे जाहीर केले.

युगोस्लाव्हियाच्या बाबतीत जानेवारी १९९२मध्ये रोबेर बादँतेर यांच्या अध्यक्षतेखालील लवाद आयोगाने मत दिले, की प्रजासत्ताकांमधल्या सीमा परस्परसंमतीशिवाय बदलता येणार नाहीत. स्लोव्हेनियात रेषा आणि माणसे जवळजवळ जुळत होती. तिथले युद्ध दहा दिवसांत आटोपले. बॉस्नियात १९९१च्या जनगणनेनुसार सुमारे ४४ टक्के मुस्लिम, ३१ टक्के सर्ब आणि १७ टक्के क्रोएट होते, आणि त्यांची गावे एकमेकांत मिसळलेली होती. तिथे रेषा माणसांना सामावेना, तेव्हा माणसांनाच हुसकून लावण्याचा, मारण्याचा मार्ग धरला गेला. १९९५पर्यंत सुमारे एक लाख माणसे मेली.

चेकोस्लोव्हाकियात मात्र चेक आणि स्लोव्हाक वस्ती बरीचशी वेगवेगळी होती. १ जानेवारी १९९३ला दोन देश झाले. संघाची मालमत्ता साधारणपणे लोकसंख्येच्या प्रमाणात, दोनास एक अशी वाटली गेली. फेब्रुवारीत चलन वेगळे करताना जुन्याच नोटांवर तिकिटे चिकटवून काम भागवले. रक्त सांडले नाही. पण सार्वमतही घेतले नाही. निर्णय नेत्यांनी आणि संसदेने केला.

म्हणून मला १९५४ची एक नोंद पुन्हा पुन्हा आठवते. त्या वर्षी क्रायमिया रशियन प्रजासत्ताकातून काढून युक्रेनला जोडला गेला. एकाच देशातली ती प्रशासकीय फेररचना होती. राहणाऱ्यांना कुणी विचारले नाही, आणि त्यांचे रोजचे व्यवहारही फारसे बदलले नाहीत. साठ वर्षांनी, २०१४मध्ये, रशियाने सैन्य पाठवून तोच प्रदेश बळकावला. तेव्हा ती रेषा दोन देशांमधली झालेली होती.