टाळ्या कोणासाठी?

गेल्या भाऊबीजेच्या रात्री आमच्या घरी एक भांडण झाले. फराळाच्या बशा मांडीवर घेऊन सारी मंडळी चित्रपट पाहावयास बसली होती. भांडण जुंपले ते माझे आणि माझ्या भाचीचे. आणि कोणावरून, तर ज्याला मरून दीडशेहून अधिक वर्षे लोटली अशा पश्चिम आफ्रिकेतील एका राजावरून!

चित्रपटाचे नाव 'द वुमन किंग'. तो २०२२ साली निघाला. कथेचा काळ १८२३ चा. स्थळ डाहोमीचे राज्य, म्हणजे आजच्या बेनिन देशाचा दक्षिण भाग. राजा घेझो याच्या पदरी स्त्रियांची फौज आहे. व्हायोला डेव्हिसने रंगविलेली सेनानी नानिस्का राजाला विनविते की, माणसे विकणे सोडा, पामतेलाचा व्यापार करा. शेवटी या वीरांगना गुलामांच्या बंदरावर चालून जातात आणि बंदिवानांना सोडवितात. भाचीने टाळ्या वाजविल्या. मी म्हणालो, "हे असे घडले नाही." झाले!

"मामा, बायका लढलेल्या तुम्हांला बघवतच नाहीत!"

हा आरोप मात्र मला मान्य नव्हता. ती स्त्रियांची फौज अगदी खरी होती. घेझोने ती वाढविली. १८५१ साली अबेओकुटा नगरावरच्या स्वारीत या स्त्रिया लढल्या आणि हरल्या. पुढे १८९२ साली फ्रेंचांच्या बंदुकांसमोरही त्या उभ्या राहिल्या. बलाढ्य ओयो राज्याचे जोखड डाहोमीने १८२३ च्या सुमारास झुगारले, हेही खरे.

खोटे आहे ते राजाचे मन. घेझो १८१८ साली गादीवर आला तोच मुळी फ्रान्सिस्को फेलिक्स द सोझा या ब्राझीलच्या गुलाम-व्यापाऱ्याच्या मदतीने. आणि राजा झाल्यावर त्याने या मित्राला उइदा बंदरी मानाचे स्थान दिले. उइदा १७२७ पासून डाहोमीच्याच ताब्यात होते. त्या किनाऱ्यावरून व्यापाराच्या साऱ्या काळात दहा लाखांहून अधिक माणसे जहाजांत कोंबून नेली गेली. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी किनाऱ्याची नाकेबंदी केली तेव्हा कोठे घेझोने १८५२ साली गुलामांची निर्यात थांबविण्याच्या करारावर सही केली. आणि काही वर्षांतच तो व्यापार पुन्हा सुरू झाला. पामतेलाचा धंदा वाढला खरा. पण तेथील ताडांच्या बागांतही राबत होते ते गुलामच.

"म्हणजे चित्रपटवाले लबाड," भाची हिरमुसून म्हणाली.

मी तिला थांबविले. डाहोमीविषयी पहिली लबाडी चित्रपटवाल्यांनी केलेली नाही. १७९३ साली आर्चिबाल्ड डॅल्झेल नावाच्या स्कॉटिश माणसाने डाहोमीचा इतिहास छापला. हा गृहस्थ स्वतः गुलामांचा व्यापारी. इंग्लंडात हा व्यापार बंद करण्याची चळवळ जोरात असताना त्याने डाहोमीच्या नरबळींची वर्णने रंगवून सांगितली. मतलब असा की, अशा क्रूर राजाच्या हातून मरण्यापेक्षा आमच्या जहाजात बसून गेलेले काय वाईट? विकणाऱ्याचे पाप दाखवून विकत घेणाऱ्याने आपले हात धुतले. आफ्रिकी राजे म्हणजे राक्षस, हे चित्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले. ते पुसावेसे आज कोणाला वाटले, तर मी त्याला दोष देणार नाही. पण राक्षस पुसून त्या जागी संत काढला, की दोन्ही चित्रांतून एकच माणूस गळतो: जो विकला गेला तो.

अशा एका माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. कोसोला. १८६० साली, घेझोचा मुलगा ग्लेले गादीवर असताना, डाहोमीच्या फौजेने पहाटे त्याच्या गावावर छापा घातला. तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. छाप्यात स्त्री-सैनिकही होत्या. त्यांनी गावकऱ्यांची मुंडकी तोडताना त्याने पाहिले. त्याला उइदाच्या कोठारात डांबून 'क्लोटिल्डा' जहाजावर चढविले गेले. अमेरिकेत गुलाम आणणे १८०८ पासूनच बेकायदा होते. तरी सुमारे एकशेदहा माणसे अलाबामात उतरविली गेली आणि पुरावा नष्ट करण्यासाठी जहाज जाळले गेले. पाच वर्षांनी मुक्तता झाली. पण परतीच्या प्रवासाला पैसे नव्हते. तेव्हा कोसोला आणि त्याच्या सोबत्यांनी जमीन विकत घेऊन तेथेच गाव वसविले. त्याचे नाव आफ्रिकाटाउन. झोरा नील हर्स्टन ही लेखिका १९२७ साली त्याला भेटली, तेव्हाही त्या पहाटेची गोष्ट सांगताना म्हाताऱ्याचे डोळे भरून येत. १९३५ साली तो वारला. तिने लिहून ठेवलेली त्याची हकीकत 'बॅराकून' या नावाने छापली गेली ती २०१८ साली. आणि जळालेल्या जहाजाचा सांगाडा नदीच्या गाळात सापडल्याची खात्री २०१९ साली पटली.

माझे म्हणणे एवढेच. नानिस्का मनात काय बोलली, ओयोच्या लढाईच्या आदल्या रात्री सैनिक काय गायले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. तेथे चित्रपटकाराने खुशाल कल्पना लढवावी. पोशाख, संवाद, प्रेमप्रसंग यांवरून मी कधी हुज्जत घालणार नाही. पण ज्या जागी एका माणसाने रडत रडत साक्ष दिली आहे, ती जागा रिकामी नाही. ती पुसून तेथे दुसरे काही लिहिण्याचा हक्क कोणालाच नाही. मग हेतू कितीही चांगला असो.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या बायका शूरही होत्या आणि माणसे पकडून विकायलाही नेत होत्या?"

"होय. दोन्ही."

"मग मी टाळ्या वाजवू की नको?"

मला उत्तर सुचले नाही. परवा ती पुन्हा आली, तेव्हा तिच्या पिशवीत कोसोलाचे पुस्तक होते. चित्रपट तिला अजूनही आवडतो, असे तिने बजावून सांगितले. फक्त बंदरावरच्या हल्ल्याच्या प्रसंगी हात आपोआप थांबतात म्हणाली; कारण कोसोलाच्या गावी पहाटे त्याच फौजेतल्या बायका आल्या होत्या.