अपस्मार आणि श्रवण : एका शोधाची हकीकत

फेफरे म्हटले की आपल्यापुढे एकच चित्र उभे राहते. भर रस्त्यात माणूस कोसळला आहे, हातपाय झडत आहेत, आणि घोळक्यातून कोणी कांदा फोडून, तर कोणी पायातली वहाण काढून त्याच्या नाकाशी धरतो आहे. (झटका बहुधा आपल्या वेळेने थांबतो, श्रेय मात्र वहाणेला मिळते.) डोळ्यांना दिसतो तेवढाच रोग आपण ओळखतो. पण याच रोगाचे एक रूप असे आहे की ते दिसत नाही, आणि ज्या मुलाला ते जडते त्याला आपण बहिरा किंवा हट्टी ठरवून मोकळे होतो. त्या रूपाची ओळख वैद्यकाला कशी पटली, ते आज आम्हांला सांगायचे आहे.

अपस्माराचा आणि ध्वनीचा काही संबंध आहे, हे जुन्यांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात या रोगाची पूर्वरूपे दिली आहेत, त्यांत ‘अशब्दश्रवण’ हे एक आहे. म्हणजे नसलेला शब्द ऐकू येणे. रोग्याजवळ बसून त्याला विचारल्यावाचून असले लक्षण नोंदता येत नाही. मात्र तो शब्द येतो कोठून, याचा उलगडा व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८७३ च्या सुमारास मांडले की, झटका म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागातून होणारा अकस्मात, अनावर विसर्ग. तो ज्या भागातून होईल त्याप्रमाणे लक्षण उमटेल. पुढच्याच वर्षी जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी दाखवले की, बोललेल्या शब्दाचा अर्थ लागण्याचे काम कानशिलाच्या आतल्या, बहुधा डाव्या, भागावर अवलंबून आहे.

या दोन गोष्टींची गाठ माँट्रियलमध्ये पडली. तेथे वाइल्डर पेनफील्ड अपस्माराच्या रोग्यांवर ते जागे असतानाच शस्त्रक्रिया करीत. मेंदूला स्वतःला वेदना नसते, त्यामुळे हे शक्य होई. कानशिलाच्या भागाला विजेची बारीक तार लावताच काही रोग्यांना गुणगुण, काहींना ओळखीचा आवाज, तर काहींना चक्क वाद्यवृंद ऐकू आला. मेंदूत सारे आयुष्य जसेच्या तसे मुद्रित असते, असा निष्कर्ष पेनफील्ड यांनी काढला आणि लोकांना तो फार आवडला. आम्हांला तो पटत नाही. १९६३ सालच्या त्यांच्याच लेखात कानशिलाचा भाग तपासलेल्या ५२० रोग्यांपैकी असे अनुभव ४० जणांनाच आल्याची नोंद आहे, आणि तेही सगळे अपस्माराचेच रोगी. पण कानावर काहीही न पडता मेंदू ऐकू शकतो, एवढे त्यातून निर्विवाद ठरले.

मग याच्या उलटही घडत असेल काय? कानावर सारे पडते आहे आणि मेंदू ऐकत नाही?

त्याचे उत्तर अमेरिकेतल्या सेंट लुइस येथे, बहिऱ्या मुलांसाठी १९१४ साली निघालेल्या एका संस्थेच्या परिसरात मिळाले. विल्यम लँडाऊ आणि फ्रँक क्लेफ्नर यांनी १९५७ साली काही मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. अशी मुले तीनचार वर्षांची होईतो चांगली बोलत असतात. पुढे हाक मारली तर वळून पाहीनाशी होतात, सांगितलेले त्यांना कळेनासे होते, आणि हळूहळू त्यांची स्वतःची वाचाही आटते. पुढे दाराची घंटा कोणती आणि कुत्र्याचे भुंकणे कोणते, हेही काहींना उमगत नाही. श्रवणाची चाचणी घ्यावी तर कान निर्दोष! हान्स बेर्गर यांनी १९२९ साली जगापुढे आणलेल्या मेंदूच्या विद्युत्‌आलेखावर मात्र अपस्माराच्या खुणा दिसतात, आणि त्याही झोपेत अधिक. यांतल्या कित्येक मुलांना उघड झटका कधीच येत नाही. मग आईबापांनी तरी ओळखावे कसे?

लँडाऊ–क्लेफ्नर यांचा तर्क असा की, भाषेचा तो भाग नष्ट झालेला नसतो. अखंड विसर्गाने तो इतका व्यापलेला असतो की आपले काम करू शकत नाही. लग्नघरी बँड कडाडत असता शेजारचा काय बोलतो ते आपल्याला कळत नाही, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की हा बँड मुलाच्या डोक्यातच वाजतो, आणि तो रात्रीही थांबत नाही.

हा तर्क खरा असेल तर विसर्ग थोपवल्यावर भाषा परतली पाहिजे. फ्रँक मॉरेल यांनी मेंदूचा तो भाग न काढता त्यातले आडवे धागे तेवढे छेदण्याची रीत काढली. १९९५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ मुलांची हकीकत दिली. दोन वर्षे वा अधिक काळ त्यांतले कोणीही भाषेने व्यवहार करीत नव्हते. ७ मुले वयाला साजेसे बोलू लागली. सगळी नाहीत. औषधांनीही काहींना गुण येतो. वयात येताना झटके बहुधा थांबतात, पण गेलेले शब्द प्रत्येकाकडे परत येतातच असे नाही.

या मुलांना कोठे कोठे हातांच्या खुणांची भाषा शिकवण्यात आली, आणि ती त्यांनी आत्मसात केली. भाषेची बुद्धी शाबूत होती. कानाकडून येणारी वाट तेवढी बंद होती.